टक्के आणि टोणपे

ऑगस्ट २०२०. पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं गेलं, त्यातल्या ५१.५ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. अहवाल बाहेर आला आणि बघता बघता एकच वाक्य तोंडोतोंडी झालं: निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला.

आकडा बरोबर होता. वाक्य चूक होतं.

पाहणी चांगली होती. आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि बाहेरच्या वैद्यकीय संस्थांनी मिळून ती केली होती. रुग्ण जास्त सापडत होते असे पाच प्रभाग मुद्दाम निवडले, हे त्यांनी लपवलंही नव्हतं. येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती. यात कोथरूड नाही, बाणेर नाही, हडपसर नाही. मग ‘पुणं’ आलं कुठून? ते आलं मथळ्याच्या जागेतून. ‘जास्त लागण असलेल्या पाच प्रभागांतले निम्मे’ एवढं लांब वाक्य मथळ्यात मावत नाही, म्हणून शहर घातलं. महासाथीत असं वाक्य ऐकून माणूस बेफिकीर होतो, आणि पुण्यात सप्टेंबर काय घेऊन आला ते ज्यांनी खाटेसाठी इस्पितळं पालथी घातली त्यांना विचारा. मला या चुकीचा राग येतो तो यासाठी. हा पांडित्याचा वाद नाही.

आता तोच आकडा हातात घेऊन नीट बघू. शाळेचं गणित पुरतं.

टक्का घ्या, ५१.५. शंभरातून वजा करा, ४८.५. दोघांचा गुणाकार साधारण २,४९८. त्याला माणसांच्या संख्येने, म्हणजे १,६६४ ने भागा. आले दीड. दीडचं वर्गमूळ जवळपास सव्वा. त्याची दुप्पट अडीच. झालं. आकडा ५१.५, वर-खाली अडीच. म्हणजे खरा टक्का ४९ ते ५४ या पट्ट्यात असावा. संख्याशास्त्रवाले याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आपण पट्टा म्हणू.

दहावी झालेल्या कोणालाही हे पाच मिनिटांत जमतं. तरी आपल्याकडे टक्का छापून येतो तो एकटा. दशांश चिन्हापर्यंत छापतात, पट्टा छापत नाहीत. ५१.५ मधला तो ‘पॉइंट पाच’ कशाला ठेवला? पट्टाच पाच टक्के रुंद आहे, तिथे अर्ध्या टक्क्याला काय किंमत? तो दशांश अचूकपणाचा देखावा करतो, आणि देखावा ही फसवणूकच आहे, मग ती नकळत का होईना.

पुढे जाऊ. त्या पाच प्रभागांचे वेगवेगळे आकडेही दिले होते. कसबा-सोमवार ३६.१. रास्ता-रविवार ४५.७. येरवडा ५६.६. नवी पेठ-पर्वती ५६.७. लोहियानगर-कासेवाडी ६५.४. आता आपला पट्टा आठवा, ४९ ते ५४. पाचांपैकी एकही प्रभाग त्यात बसत नाही! गणित चुकलेलं नाही. पट्टा सरासरीचा आहे, आणि सरासरीत कोणी राहत नाही. लोहियानगरातल्या माणसाला ५१.५ सांगणं म्हणजे त्याच्या घरातली गोष्ट त्याच्यापासून लपवणं. कसब्यातल्याला तोच आकडा सांगणं म्हणजे त्याला उगाच बिनधास्त करणं.

आणखी एक खोच आहे. वरचं गणित असं धरून चालतं की १,६६४ माणसं सुटी-सुटी, चिठ्ठ्या टाकून उचललेली. प्रत्यक्षात घरोघरची पाहणी सहसा अशी होत नाही. पथक एका गल्लीत जातं, तिथली दहा-वीस घरं करतं, मग पुढची गल्ली. एका गल्लीतली माणसं एकाच नळावर पाणी भरतात, एकच जिना चढतात. एकाला लागण झाली तर शेजाऱ्याला होण्याची शक्यता वाढते, म्हणून शेजाऱ्याच्या रक्तातून नवी माहिती कमी मिळते. समजा या एकगठ्ठा निवडीने माहिती निम्म्यावर आली. मग १,६६४ माणसं कामापुरती ८३२ होतात आणि वर-खाली अडीचचं साडेतीनच्या घरात जातं. कागदावरचा नमुना आणि कामाला येणारा नमुना हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा सहसा कोणी छापत नाही.

मुंबईने त्याच वर्षी एक गोष्ट शहाणपणाने केली. जुलै २०२० मध्ये आर नॉर्थ, एम वेस्ट आणि एफ नॉर्थ या तीन वॉर्डांत ६,९३६ जणांची तपासणी झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका त्यात होते. निकाल एका आकड्यात दिलाच नाही. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाकीच्या वस्तीत १६. दोन वेगळे आकडे, शेजारी शेजारी. एक आकडा काढला असता तर वॉर्डातल्या माणसांशी त्याची ओळखही नसती, आणि सार्वजनिक संडास वापरणाऱ्या वस्तीवर काय गुदरलं ते तर मुळीच दिसलं नसतं. पाहणीचा निकाल असा द्यावा.

आता ‘असावा’ या शब्दाकडे. खरा टक्का पट्ट्यात ‘असावा’ म्हणजे किती खात्रीने? रिवाजाने ९५ टक्के. याचा अर्थ बहुतेक लोक चुकीचा लावतात, शिकलेले सुद्धा. ‘हा पट्टा बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के’ असा अर्थ नाही. पाहणी झाली, पट्टा ठरला. आता खरा टक्का त्यात आहे किंवा नाही. अर्थ असा की याच पद्धतीने शंभर पाहण्या केल्या, शंभर पट्टे काढले, तर पंचाण्णवच्या आसपास पट्टे खऱ्याला पकडतील. पाचेक हुकतील. आपला पट्टा त्या पाचांतला आहे का, हे आपल्याला कधीच कळणार नाही. हमी पद्धतीची आहे. हातातल्या पट्ट्याची नाही.

हा विचार मांडला येर्झी नेमन या पोलिश गणितज्ञाने. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्याने एक निबंध वाचला. त्यात इटलीचं उदाहरण होतं. तिथल्या दोघा संख्याशास्त्रज्ञांना १९२१ च्या जनगणनेच्या कागदांचा नमुना जपून ठेवायचा होता. त्यांनी २१४ जिल्ह्यांतून २९ जिल्हे असे निवडले, की काही मोजक्या बाबतींत त्यांची सरासरी देशाशी तंतोतंत जुळावी. त्या बाबतींत जुळलीही. बाकी बाबतींत आकडे भरकटले. नेमनने दाखवलं की शहाण्या माणसाने ‘प्रातिनिधिक वाटतात’ म्हणून निवडलेल्या नमुन्याला वर-खाली किती, हे सांगताच येत नाही. चिठ्ठी टाकली तरच सांगता येतं. पट्टा चिठ्ठीतून जन्मतो. चिठ्ठी नसेल तर ± लिहिणं खोटं आहे.

आणि नेमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवत होता तेव्हा त्याच्या हाताखाली सातारा जिल्ह्यातल्या बुधचा, फर्ग्युसनमध्ये शिकलेला एक विशीतला मुलगा डॉक्टरेट करत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३५ साली नेमनच्याच विषयावर त्याने निबंध लिहिला, १९३६ मध्ये पदवी घेतली. पुढे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा कारभार पाहिला. त्यांनी नमुना पाहण्यांवर लिहिलेला ग्रंथ जगभर शिकवला गेला. हे नाव पुण्या-साताऱ्याच्या शाळांत मुलांना माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुखात्म्यांकडे परत येऊच, कारण या सगळ्यातला कळीचा मुद्दा त्यांनी शेतात उभं राहून सिद्ध केला.

त्याआधी मोठ्या नमुन्याची भूल.

लोकांना वाटतं, देश मोठा म्हणजे नमुना मोठा हवा. ‘दीडशे कोटींच्या देशात दोन हजार लोकांना विचारून काय कळणार?’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं, बहुधा हरणाऱ्या पक्षाकडून. पण शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं पंगतीचं आहे की दोघांचं याने फरक पडत नाही. भात नीट ढवळलेला असला म्हणजे झालं. वरच्या गणितात बघा, पुण्याची लोकसंख्या कुठेच आली नाही. आली ती फक्त विचारलेल्यांची संख्या, आणि तीही वर्गमुळात. म्हणून शंभर जणांना विचारलं तर वर-खाली दहा. चारशेंना, पाच. सोळाशेंना, अडीच. दहा हजारांना, एक. चूक निम्मी करायची तर खर्च चौपट. सर्वेक्षणाचा सगळा धंदा या एका ओळीवर उभा आहे.

या ओळीमुळे खोटे आक्षेपही उघडे पडतात. २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशातली खेडी हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली, १९ टक्के घरं कोणतंही शौचालय वापरत नव्हती. पाहणी जून २०१९ ते एप्रिल २०२१ अशी चालली, म्हणजे काही घरं घोषणेच्या आधी पाहिलेली होती, हे खरं. पण ‘नमुना लहान’ हा आक्षेप मात्र घेता येणार नाही. घरं होती ६,३६,६९९. या संख्येला वर-खाली एक दशांश टक्का येतो. एकगठ्ठा निवडीची सगळी सूट देऊनही पाव-अर्ध्या टक्क्याच्या पुढे जात नाही. गैरसोयीच्या आकड्याला ‘नमुना लहान’ म्हणणाऱ्याला लगेच विचारावं: किती लहान? वर-खाली किती येतं? उत्तर नसेल तर आक्षेपही नाही.

आता निवडणुका. इथे पट्ट्याची सर्वात जास्त गरज असते आणि इथेच तो सर्वात वाईट वापरला जातो.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी एका नामांकित संस्थेने सत्ताधारी आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या. ४ जूनला आल्या २९३. ‘३६१ ते ४०१’ हा पट्टा दिसतो, पण तो पट्टा नव्हे. किती टक्के खात्रीचा? कुठल्या गणिताने? सांगितलेलं नाही. दोन आकड्यांमध्ये ‘ते’ घातलं की शास्त्र होत नाही.

आणि मुळात जागा मोजता येत नाहीत, मतं मोजता येतात. महाराष्ट्रात त्याच निवडणुकीत दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याच्याही आतलं अंतर होतं, आणि जागा पडल्या ३० आणि १७. विचार करा. राज्यभरात पाच हजार माणसांना उत्तम पद्धतीने विचारलं तरी एका आघाडीच्या टक्क्याला वर-खाली दीड येतो. दोघांतल्या अंतराला तर त्याहूनही जास्त, जवळपास दुप्पट, कारण एकाची चूक वर गेली की दुसऱ्याची सहसा खाली जाते. अंतर एकाच्या आत, वर-खाली मात्र अडीचच्या पुढे. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एकच: सांगता येत नाही. मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ४८! जगातली कोणती पाहणी ती जागा ‘सांगणार’ होती? तरीही त्या जागेचा कल वाहिन्यांच्या बेरजेत कुठेतरी रंगवलेला होताच.

‘सांगता येत नाही’ हे म्हणायला हिंमत लागते. आपल्या स्टुडिओंत ती नाही. साडेपाच महिन्यांनी विधानसभेला बहुतेक पाहण्या दुसऱ्या बाजूने चुकल्या, सत्ताधारी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच मिळून २३० जागा घेतल्या आणि अंदाज खालीच राहिले. तेव्हाही कोणी बसून सांगितलं नाही की आमचा पट्टा इतका होता, म्हणून इतकं चुकणं शक्य होतं किंवा नव्हतं.

इथवरचा भाग सोपा होता. पट्टा छापा, एवढंच म्हणून मी थांबलो असतो तर हा मजकूर अर्धवट राहिला असता. कारण पट्टा फक्त चिठ्ठीच्या दैवाचा हिशेब देतो. विचारायला गेलो आणि माणूस भेटलाच नाही, भेटला पण बोलला नाही, बोलला पण खरं बोलला नाही, यादीतच नव्हता, या कशाचाही हिशेब पट्ट्यात नसतो. आणि घात तिथेच होतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकवरून लसीकरणाची पाहणी चालायची. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं. वरच्या गणिताने वर-खाली दोन दशांश टक्के. सरकारी नोंदींशी ताडून पाहिलं तर मे महिन्यात पहिला डोस घेतलेल्यांचं प्रमाण तिने १७ टक्क्यांनी फुगवलेलं होतं. ‘नेचर’मध्ये त्यावर लेख आला. लेखकांत शिआओ-ली मेंग हे हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांचा निष्कर्ष असा की ही अडीच लाख उत्तरं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा माणसांइतकीच कामाची ठरतात. दहा! नमुना जितका मोठा, पट्टा तितका अरुंद, आणि चुकीच्या आकड्यावरची खात्री तितकीच पक्की. ‘आमच्या ॲपवर चार लाख वाचकांनी कौल दिला’ असं अभिमानाने छापणाऱ्यांनी हा लेख भिंतीवर लावावा. तुमच्या चार लाखांत तुमचेच वाचक आहेत, त्यातले चिडलेले जास्त आहेत, आणि ज्याला मत नाही त्याने बोट उचललेलंच नाही.

हीच गोष्ट सुखात्म्यांनी चाळीसच्या दशकात गव्हाच्या शेतात दाखवली. प्रश्न साधा होता. जिल्ह्याचं पीक मोजायचं तर चिठ्ठी टाकून शेत निवडायचं, त्यात चिठ्ठी टाकूनच एक तुकडा आखायचा, तेवढंच कापून तोलायचं. तुकडा केवढा घ्यायचा? बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या पाहण्यांत लहान तुकडे घेत. लहान तुकडा स्वस्त, म्हणून पुष्कळ घेता येतात, म्हणून पट्टा अरुंद. गणिताला धरून सगळं बरोबर. सुखात्म्यांनी एकाच शेतात लहान-मोठे तुकडे कापून पाहिले आणि दाखवून दिलं की लहान तुकडे सातत्याने जास्त पीक दाखवतात. कारण कागदावर नव्हतं, बांधावर होतं. तुकड्याची कड जिथून जाते तिथे एखादं रोप धड आतही नसतं, धड बाहेरही नसतं. कापणारा माणूस ते आत घेतो. भरलेली ओंबी सोडवत नाही. तुकडा लहान असला की आतल्या पिकाच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. असे हजार तुकडे कापले तरी ती चूक हजारांत वाटली जाऊन नाहीशी होत नाही, कारण प्रत्येक वेळी ती एकाच दिशेला झुकते. पट्टा अरुंद होत जातो आणि सत्य पट्ट्याबाहेर उभं राहतं.

महालनोबिस थोरच. भारतीय सांख्यिकी संस्था आणि राष्ट्रीय नमुना पाहणी त्यांनी उभी केली. पण या मुद्द्यावर मी सुखात्म्यांच्या बाजूने आहे, कारण ते कड बघायला गेले.

आजही गावात पीक कापणी प्रयोग होतो. खुंट्या मारतात, दोरी लावतात, कृषी सहायक वही घेऊन उभा असतो, पंच सह्या करतात. त्यावर पीक विम्याची भरपाई ठरते. योजनेच्या नियमाप्रमाणे महसूल मंडळाला एका मुख्य पिकाचे किमान दहा प्रयोग. दहा तुकड्यांवरून मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांचा निवाडा. समजा त्या मंडळात शेताशेतांच्या उत्पन्नात ४० टक्क्यांची तफावत आहे. मग दहा प्रयोगांच्या सरासरीला वर-खाली २५ टक्के येतात. उंबरठा उत्पादनाच्या जरा वर आकडा आला म्हणून हजारो घरांना पैसे नाकारायचे, आणि आकड्याचा पट्टा कुठेच लिहायचा नाही? हा अन्याय आहे. पट्टा कागदावर आला तर निदान तलाठी कार्यालयासमोर उभ्या शेतकऱ्याच्या हाती बोलायला एक मुद्दा येईल.

आता पुन्हा कुटुंब आरोग्य पाहणी, कारण तिच्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते.

देशाचा आकडा लाखो घरांवर उभा. महाराष्ट्रात घरं होती साडेएकतीस हजारांच्या आसपास. जिल्हे ३६. म्हणजे जिल्ह्याला पावणेनऊशे घरं. त्यातली लसीकरणाच्या तक्त्यात येणारी मुलं कोणती? फक्त १२ ते २३ महिन्यांची. ती जिल्ह्याला किती भरणार? समजा साठ. त्यातल्या ८० टक्क्यांना सगळ्या लसी मिळाल्या. करा गणित: ८० गुणिले २० म्हणजे १,६००, भागिले ६०, साधारण २७, वर्गमूळ पाचाच्या वर, दुप्पट दहा. पट्टा ७० ते ९०. आता शेजारचा जिल्हा ७४ वर असेल तर ‘लसीकरणात अमुक जिल्हा पिछाडीवर’ हा मथळा कशाच्या जोरावर? दोघांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्या मथळ्याने तिथल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची झाडाझडती होते, त्याच्या आशाताईंचं मानधन वाढत नाही, बोलणी मात्र वाढतात.

पाहणी करणाऱ्यांना हे माहीत असतं. म्हणून तक्त्यात जिथे मोजलेली प्रकरणं २५ ते ४९ असतात तिथे आकडा कंसात छापतात. २५ पेक्षा कमी असली तर आकडाच देत नाहीत, नुसती चांदणी टाकतात. खाली तळटीप असते. अहवालाच्या परिशिष्टात तर महत्त्वाच्या आकड्यांची खालची आणि वरची मर्यादा मांडलेली असते. इतकं चोख काम. मग तो तक्ता निघतो आणि वाटेत कुठेतरी कंस गळतात. बातमीत येतो तो आकडा नागडा. जिथे चांदणी होती तिथे तर लोक मागच्या पाहणीचा आकडा चिकटवतात. एवढे पैसे, एवढे श्रम, आणि शेवटच्या टप्प्यात दोन कंस सांभाळले जात नाहीत.

श्रम म्हणजे काय ते सांगतो. गावात वा वॉर्डात आधी घरयादी करतात, प्रत्येक घराला क्रमांक देतात. त्यातून ठरावीक अंतराने २२ घरं उचलतात. पथकातल्या मुली टॅब घेऊन निघतात. सतरा नंबरचं घर बंद. शेजारीण म्हणते, त्या कामाला गेल्यात, माझंच लिहून घ्या की. नियम म्हणतो, नाही. शेजारीण घेता येत नाही. संध्याकाळी परत यायचं, मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कारण दुपारी घरी सापडणारी बाई आणि दुपारी कामावर असणारी बाई या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यांचं जेवण वेगळं, रक्तातलं लोह वेगळं, घरात चालणारा शब्द वेगळा. बदली शेजारीण घेतली तर नमुन्याची संख्या पूर्ण होते, पट्टा छान अरुंद राहतो, आणि राबणारी बाई देशाच्या आकड्यातून पुसली जाते. सुखात्म्यांच्या शेतातली कड हीच. त्या मुली संध्याकाळी परत जातात म्हणून आपले आकडे खरे आहेत.

आणि मोठ्या सोसायट्यांत त्यांना वॉचमनच गेटवर अडवतो. समितीची परवानगी आणा म्हणतो. सुखवस्तू माणूस नमुन्यात येईनासा होतो आणि मग तोच समाजमाध्यमावर लिहितो, ‘मला तर कधी कोणी विचारलं नाही, हे सर्व्हे बोगस.’ तुमच्या गेटवर आले होते. तुम्हीच आत घेतलं नाही.

याद्यांचंही तेच. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. त्यामुळे २०११ च्या यादीवरून चिठ्ठी टाकत वर्षं गेली. २०११ नंतर वाघोली, हिंजवडी, पनवेलकडची वस्ती काय झाली ते डोळ्यांनी दिसतं. जुन्या यादीत नसलेल्या माणसाची चिठ्ठीच नसते, आणि ज्याची चिठ्ठी नाही त्याला कोणताही पट्टा झाकत नाही.

लहान आकड्यांचा एक सापळा राहिला, तो चटकन उरकतो. गावात पाण्याचे ३० नमुने तपासले, एकही दूषित नाही. आपलं गणित म्हणेल शून्य, वर-खाली शून्य. चूक. टोकाशी हे गणित मोडतं. अशा वेळी साधा नियम: तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा. तीन भागिले तीस, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत पाणी दूषित असू शकतं. ‘पाणी शुद्ध’ असा फलक लावण्याआधी हे ग्रामसेवकाला ठाऊक हवं, कारण त्या दहा टक्क्यांतला एक नळ अंगणवाडीचा असू शकतो. आणि ‘९० टक्के महिलांची पसंती’ असं सांगणाऱ्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात ३० महिला असतील तर, एडविन विल्सनने १९२७ साली दिलेल्या सूत्राने, पट्टा येतो ७४ ते ९७. तीन चतुर्थांशालाही पोहोचत नसेल कदाचित.

म्हणून वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संपादकांकडे मागणी आहे, आणि ती आजच पाळता येण्याजोगी आहे. टक्का छापाल तिथे कंसात वर-खाली किती ते छापा. किती जणांना विचारलं ते छापा, आणि कोणाला, कुठे, कोणत्या यादीतून, तेही. पट्ट्यात दोघं गुंतले असतील तर ‘आघाडीवर’ हा शब्द वापरू नका. जिल्ह्याच्या तक्त्यातले कंस आणि चांदण्या तशाच ठेवा. आणि किती दारांवरून नकार मिळाला, किती घरं तिसऱ्या फेरीलाही बंद होती, तो आकडा मागून घ्या. पाहणी करणाऱ्यांकडे तो असतो. त्यांना तो सहसा कोणी विचारत नाही.